अकरावा रकाना

शिवाजी पेठ, कोल्हापूर
४ नोव्हेंबर २०२५

चि. ऋता हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. फराळाचा डबा पोचल्याचं तू कळवलंस. चकल्यांचा भुगा झाला त्याचा दोष मात्र वहिनीकडे नाही. कुरियरवाल्याने वजन करताना डबा तीनदा आपटला, मी समोर उभा होतो.

हाताने पत्र लिहून त्याचे फोटो पाठवतोय याचं तुला हसू येईल. पण आपल्या घरी फोन म्हणजे जाहीर सभा असते. तात्यांना ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावायचा, आणि स्पीकर लावला की बोळातल्या सगळ्यांना तुझी खुशाली कळते. मागच्या रविवारी तू विचारलंस, “दादा, माई न्यूमोनियानेच गेली ना रे?” आणि मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. नेटवर्क होतं. तात्या समोर बसून बेसनाचा लाडू खात होते.

तू पाठवलेला फॉर्म आणि तक्ता दोन्ही नीट पाहिले. कॅन्सर नोंदणीच्या कार्यालयात एकोणतीस वर्षं कागद काळे केल्यावर निदान तक्ता तरी वाचता येतो. तुमच्या विलायतेत फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण वंशवार लावून वीस-पंचवीस वर्षांच्या रेघा काढल्या आहेत. गोरे पुरुष वरून खाली येतायत, गोऱ्या बायका चढतायत, बांगलादेशी पुरुषांची रेघ वेगळीच चाललीय. आणि अगदी तळाशी भारतीय बायका. तू त्या रेघेभोवती गोल काढून लिहिलंयस, “बघ दादा, आपली रेघ! शहाण्या मुलीसारखी खाली बसलीय.”

ऋता, रेघ म्हणजे हजारो बायकांची सरासरी. त्यात तू एकटी कुठे आहेस हे रेघेला माहीत नसतं.

तुझ्या छातीच्या फोटोत नऊ मिलिमीटरची गाठ दिसली आणि डॉक्टर म्हणाले की बहुधा काही नसेल, हे मला पटतं. बहुतेक गाठी काही नसतात. चोवीस तारखेला ते ठरवणार आहेत की आत्ताच सुई घालून तुकडा तपासायचा की सहा महिने थांबून पुन्हा फोटो काढायचा. आणि ते ठरवताना तुझी उत्तरं बघणार आहेत. आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला हा आजार होता का? नाही. घरात दुसऱ्या कुणाच्या धुरात राहिलात का? नाही. तू दोन्हीकडे ‘नाही’पुढे बरोबरची खूण करून टाकलीयस आणि मला फक्त “बरोबर ना?” म्हणून विचारलंयस.

तो फॉर्म अजून देऊ नकोस. माईचे कागद शोधतो आणि कळवतो.

बाकी ऑफिसचं म्हणशील तर माझी निवृत्ती पाच महिन्यांवर आली आणि नेमकी आत्ता साडेसाती लागलीय. आमच्याकडे वर्षाराणी नावाच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत. वय असेल चौतीस. आमच्या फॉर्मवर सातवा रकाना समाजाचा आहे, दहावा तंबाखूचा आणि अकरावा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या धूम्रपानाचा. या तीन रकान्यांवरून मीसुद्धा तुमच्यासारख्या रेघा काढत आलोय. पेठेतले कामगार लोक, तालुक्यातले शेतकरी आणि आपल्यासारखी शिक्षक-कारकून मंडळी. आपल्या बायकांची रेघ माझ्या वहीतही तळाशीच. ती दाखवताना मी जरा ताठ बसायचो, खोटं कशाला बोलू.

तर बाईंनी माझे चाळीस फॉर्म परत पाठवले. म्हणाल्या, “सर, शेतकरी घरातली प्रत्येक बाई मिश्री लावते आणि तुमच्या जोशी-कुलकर्ण्यांच्या एकाही घरात पुरुष सिगरेट ओढत नाही? इतका सुबक तक्ता मी आयुष्यात पाहिला नाही. पुन्हा जाऊन विचारून या.”

मी म्हटलं, माझी निवृत्ती जवळ आलीय. त्या म्हणाल्या, “म्हणूनच लवकर जा.”

तेव्हा उद्यापासून एसटीने गावोगाव हिंडणार आहे. तात्यांची तब्येत ठीक आहे. रोज चारला तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांचा फुटबॉल बघतात आणि घरी येऊन त्यांना गुण देतात. गोलकीपरला पस्तीसच्या वर जाऊ देत नाहीत.

काळजी करू नकोस. लेकीला माझा पापा.

तुझा,
दादा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२५

चि. ऋता,

हे पत्र तू एकटी असताना वाच. स्वयंपाक चालू असेल तर गॅस बंद कर.

मी माईचे कागद शोधले नाहीत. शोधायची गरजच नव्हती, ते अकरा वर्षं ऑफिसच्या माझ्या खणात आहेत. मागच्या पत्रात वेळ मारून नेली. तू तीन दिवसांत तीनदा “सापडले का” म्हणून विचारलंस आणि मी तुला तालमीच्या मॅचचे फोटो पाठवले. आता सांगतो, पण माझ्या पद्धतीने, क्रमाने.

शनिवारी शाहूवाडीकडे गेलो होतो. चाळिसातला सव्विसावा फॉर्म. बायडाबाई, वय बासष्ट, भातशेती, फुफ्फुसाचा कॅन्सर, उपचार चालू. गेल्या वर्षी तिच्या भावाकडून माहिती घेऊन मी हा फॉर्म भरला होता. दहाव्या रकान्यात माझ्या अक्षरात ‘मिश्री, रोज’. अकरावा मोकळा.

अंगणात मळणी झालेलं भात वाळत होतं आणि ती काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. इंजेक्शनांनी केस गेलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी म्हटलं, मिश्री किती वर्षांपासून लावता? तिने काठी खाली ठेवली.

“कोण, मी? मिशरी माझी सासू लावायची. मला त्येच्या वासानं वकारी यायची. ह्ये बघा दात!” असं म्हणून तिने खरोखरच दात दाखवले. पांढरे स्वच्छ होते. “कुणी लिवलं ह्ये?”

“मी लिहिलं.”

“मला इचारून?”

“नाही.”

“मग कसं वो लिवलं पावणं? शेतातली बाई हाय म्हंजे मिशरी लावतीच, व्हय?”

ती पुढे म्हणाली, “आमचं मालक जल्मभर इडी वडत हुतं. पावसुळ्यात दार लावून चुलीम्होरं बसायचं आन् एकीवर एक वडायचं. मी तितंच भाकरी करत असायची. त्ये का न्हाय इचारलं?”

मी अकराव्या रकान्यात ‘हो’ लिहिलं. दहाव्यातली मिश्री खोडली. मग चहा आला. चहा पिताना तिने सहज विचारलं, “तुमच्या घरात कुणाला झालता का ह्यो रोग?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग बरं हाय की. देवानं राखलं.”

ऋता, एकोणतीस वर्षांत मी हजारो घरांत जाऊन लोकांना नको ते प्रश्न विचारले. मला उलटा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला आणि मी त्या बाईच्या अंगणात, तिचाच चहा पीत, तिच्याशी खोटं बोललो. परतीच्या एसटीत मला स्वतःची लाज वाटली. आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात ना, तसं झालं होतं. फरक एवढाच की माझं मुसळ मला चांगलं दिसत होतं.

माई फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली.

जानेवारी २०१४ पासून खोकला होता, हे तुला माहीत आहे. फुफ्फुसात पाणी झालं तेही माहीत आहे. ते पाणी तपासायला दिलं होतं. शहरातल्या सगळ्या लॅबमधून असे रिपोर्ट नोंदणीसाठी आमच्याकडे येतात. त्या दिवशी सकाळच्या टपालात बारा रिपोर्ट होते, सातवा माईचा. डॉक्टरांच्या आधी मला कळलं. मी बाकीचे अकरा नोंदवले आणि तो घडी करून खिशात घातला.

घरी आलो तर माई गवार निवडत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “तोच आहे ना?” मी मान हलवली. तिने उरलेली गवार निवडून संपवली आणि मग बोलली. “तात्यांना सांगायचं नाही. सांगितलंस तर हा माणूस उरलेलं आयुष्य स्वतःला नापास करत बसेल. आणि ऋताला तर मुळीच नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, दुसऱ्या दिवशी तात्यांना कळेल.” मला तिने देवापुढे शपथ घ्यायला लावली.

मिरजेला कॅन्सरच्या दवाखान्यात नेऊ म्हटलं. नको म्हणाली. केमो घेतली तर केस जातील, मग काय सांगणार तात्यांना? असं म्हणून तिने उपचारच नाकारले आणि मी तिचं ऐकलं. याचं मला रोज वाईट वाटतं. कदाचित वर्षभर जास्त मिळालं असतं, कदाचित नसतं मिळालं. माई गेली तेव्हा तुझी लेक तीन आठवड्यांची होती, तुझे टाके सुकले नव्हते. तुला न्यूमोनिया सांगितला. शेवटचे चार दिवस तो होताही, म्हणून मृत्यूच्या दाखल्यावरही तोच आहे.

आणि मी तिचा फॉर्म भरला नाही. गावातल्या प्रत्येकाची नोंद केली, आईची केली नाही. आपल्या समाजातल्या बायकांची जी रेघ मी ताठ बसून दाखवायचो, तिच्यात आपली आई नाही. आणखी कुणाकुणाच्या आया नसतील, कोण जाणे. आपल्यासारख्या घरी गेलं की पितळी तांब्यातून पाणी यायचं, भिंतीवर पदव्या टांगलेल्या असायच्या आणि मी दहावा-अकरावा रकाना न विचारता ‘नाही’ करून टाकायचो. अशा घरात असले प्रश्न विचारायचे म्हणजे कसंतरीच वाटतं ना! बायडाबाईच्या दारात मात्र विचारायची गरजच वाटली नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. समाजासमाजांत फरक असतीलही, पण माझ्या वहीतल्या फरकात माझा हात किती आणि आजाराचा किती, हे आता मलाच सांगता येत नाही.

आता तुझं दुसरं उत्तर. घरात धूर होता का?

तू ‘नाही’ लिहिलंस आणि मनापासून लिहिलंस, कारण आपण त्याला कधी धूर म्हटलंच नाही. मार्च आला की तात्यांकडे बोर्डाचे पेपर यायचे. गणिताचे गठ्ठे. परीक्षक कोण हे कुणाला कळता कामा नये, म्हणून मधल्या खोलीच्या खिडक्या बंद आणि दाराला आतून कडी. पंखा लावला तर पेपर उडतात, म्हणून पंखाही बंद. तरी एका वर्षी तालमीतले बाळासो डझनभर केळी घेऊन आले होतेच. “गुरुजी, आमच्या पोराचं पेपर तुमच्याकडं आल्यात म्हणं. नुसतं कितीला अडकलाय ते सांगा की!” तात्यांनी त्यांना केळ्यांसकट बाहेर काढलं आणि त्यानंतर दाराच्या फटीलाही जुनं धोतर लावलं.

त्या खोलीत तात्या पेपर तपासायचे आणि दर पेपराला एक सिगरेट. माई शेजारी बसून बेरजा पडताळायची. मी गठ्ठे बांधायचो. आणि तू, आठव्या वर्षापासून कॉलेजात जाईपर्यंत, माईला गुण वाचून दाखवायचीस. “एक अ, दोन. एक ब, तीन.” तुझा आवाज खणखणीत म्हणून ते काम तुझं. गठ्ठ्यामागे एक श्रीखंडाची गोळी. बाकीचं वर्षभर संध्याकाळी वह्या तपासणं त्याच खोलीत. तात्यांनी सिगरेट सोडली ती २००९ साली, छातीत कळ आली तेव्हा.

त्यानेच माईला झालं असं कुठलाही डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही. मीही सांगत नाही. पण विचारलंय तर उत्तर ‘हो’ आहे. दोन्हीकडे ‘हो’.

हे सगळं काल सकाळी लिहून झालं होतं आणि फोटो काढून पाठवणार होतो. मग वाटलं, तू वाचशील, रडशील, फोन करशील आणि तात्यांना स्पीकरवर कळेल. माईचा शब्द मोडायचाच असेल तर समोर बसून मोडावा. दुपारी नाव आणि निदान तेवढं भरलेला फॉर्म घेऊन त्यांच्यापुढे बसलो. म्हटलं, “तात्या, ऑफिसचा फॉर्म आहे. माहिती तुमच्याकडून हवीय.”

“विचार.”

रुग्णाचं नाव म्हणून मी माईचं नाव वाचलं. त्यांनी चष्मा लावला, फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि निदान काय लिहिलंय ते स्वतःच वाचलं. बाहेर पोरं भिंतीवर बॉल मारत होती.

“किती दिवस माहीत होतं तिला?”

“सात महिने.”

“आणि मी तिला रोज म्हणायचो, आल्याचा चहा घे, खोकला जाईल.” मग म्हणाले, “पुढे विचार.”

दहाव्या रकान्यापर्यंत आलो आणि पुढचा सोडून बारावा विचारला. शहाऐंशी वर्षांचे झाले तरी नजर चुकत नाही. “अकरावा राहिला. परीक्षकाने रकाना सोडायचा नसतो.” आणि माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी स्वतः लिहिलं, ‘हो. पती. चाळीस वर्षे. दार बंद करून.’ खाली सही ठोकली.

मला वाटलं, संपलं. पण ते फॉर्मकडे बघतच राहिले. मग विचारलं, “खोलीत आणखी कोण असायचं?”

“मी.”

“तू नव्हे. वाचून कोण दाखवायचं?”

मी फॉर्म उचलायला गेलो, त्यांनी त्यावर हात ठेवला.

“त्या रविवारी ऋता फोनवर काय विचारत होती? मला निम्मं ऐकू आलं. निम्मं तू नेटवर्कवर ढकललंस.”

मग तुझी गाठ, चोवीस तारीख, सगळं सांगितलं. तात्या रडले. मी त्यांना आजीच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. वहिनी पाणी घेऊन आली, ते प्यायले नाहीत. संध्याकाळी कट्ट्यावरही गेले नाहीत. आज सकाळी म्हणाले, “तुझ्या पत्रात माझ्यासाठी चार ओळी जागा ठेव.” ती ठेवलीय. माईचा फॉर्म मी आज वर्षाराणीबाईंच्या हातात दिला. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला बसायला सांगितलं.

अकरा वर्षं तुझ्यापासून लपवलं. रागाव. मला बोल. पण आधी फॉर्म दुरुस्त कर.

तुझा अपराधी,
दादा


चि. ऋतास आशीर्वाद.

तुझी दोन्ही उत्तरे चुकली आहेत. आईला हा आजार होता. घरात धूर होता. तो माझा. तू लहान होतीस, दाराची कडी वर होती, तुझा हात पोचत नसे. कडी मी लावत होतो.

उत्तरे खोडून नीट अक्षरात लिही आणि फोटो मला पाठव. डॉक्टरांना देण्याआधी मी तपासतो. सुई टोचताना दुखेल, पण थांबू नकोस. रविवारी फोन कर. स्पीकर नको, फोन मी कानाला लावीन.

तात्या